घरातील भय आणि सावरण्याचे बळ

पतीच्या पावलांची चाहूल लागताच जिच्या काळजात धस्स होते, भांडे पडले तरी जी दचकते, त्या स्त्रीच्या शरीरातील संकटसूचक यंत्रणा, वास्तविक क्षणिक धोक्यासाठीच योजिलेली असूनही, वर्षानुवर्षे अहोरात्र जागी राहते. आणि त्यातून उद्भवणारे निद्रानाश, डोकेदुखी, विस्मरण हे विकार पुष्कळदा स्वभावदोष म्हणून तिच्याच माथी मारले जातात, हा मला दुहेरी अन्याय वाटतो.

तथापि अशा स्त्रिया नुसत्या सोशीत बसतात, हा समज खोटा आहे. चार पैसे वेगळे ठेवणे, महत्त्वाची कागदपत्रे शेजारणीच्या हवाली करणे, रंग ओळखून मुलांना आधीच बाहेर धाडणे, या बाह्यतः क्षुल्लक कृत्यांत तिचा विवेक आणि जिद्द दोन्ही दिसतात. मात्र हे बळ टिकण्यास तिच्यावर विश्वास ठेवणारे निदान एक माणूस लागते. मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरीत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने विशेष कक्ष उघडला, तो अशाच स्त्रियांसाठी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, आणि घर पतीच्या नावावर असले तरी तेथे राहण्याचा तिचा हक्क अबाधित असतो.

अशी कोणी आपल्या परिचयात असेल, तर ‘इतकी वर्षे राहिलीस कशाला?’ असे कृपया विचारू नका. तिचे ऐकून घ्या आणि १८१ हा मदतीचा क्रमांक तिला द्या.