शेंगांचं कुळ (भाग ७) : दोन रानवाटाणे

गेल्या आठवड्यात मसुरीचा रानटी पूर्वज पाहिला. वाटाण्याकडे वळलं की रानातले दोन नातलग एकदम पुढे येतात : पायसम एलेटियस आणि पायसम फुल्व्हम. इस्रायल, जॉर्डन, सीरियातल्या टेकड्यांवर दोघेही हिवाळी पावसावर वाढतात, वसंतात फुलतात आणि उन्हं तापायच्या आत बी टाकून वाळून जातात.

एलेटियस उंच. तणाव्यांनी झुडपांना धरत तो माणसाच्या डोक्यापर्यंत चढतो. फूल ठसठशीत, मागची उभी पाकळी फिकट जांभळी, बाजूच्या दोन गडद किरमिजी. त्याचा पसाराही मोठा, भूमध्य सागराच्या पश्चिम टोकापासून पार कॉकेशस-इराणपर्यंत. फुल्व्हम बुटका, खडकाळ उतारावरचा. त्याची फुलं लहान, विटकरी-नारिंगी. त्याला पश्चिम आशियातला एवढाच पट्टा ठाऊक.

शेंग मात्र दोघांचीही तडकणारी. वाळली की दोन्ही फाकी पीळ घेतात आणि दाणे उडतात. दाण्याचं साल पाणी सहज आत घेत नाही, म्हणून सगळे दाणे एकाच पावसात उगवत नाहीत. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी न तडकणाऱ्या शेंगा माणसाच्या हाती राहिल्या, त्याच पुढे पेरल्या गेल्या. आपला वाटाणा आला तो एलेटियसच्या घराण्यातून. कित्येक वनस्पतिशास्त्रज्ञ एलेटियसला शेतातल्या वाटाण्याचीच उपजात मानतात. फुल्व्हमची जात निराळी. गुणसूत्रं त्याचीही १४च, तरी फुल्व्हमचे पराग वाटाण्यावर घातले तर बी धरतं, उलट केलं तर क्वचितच. संकराचे परागही बरेचसे वांझ निघतात.

तरीही फुल्व्हमला दूरचा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. त्याची काही झाडं जमिनीखालीही शेंगा धरतात! तिथली फुलं उमलतच नाहीत, मिटल्या मिटल्या स्वतःच्याच परागांनी फळतात. वरचा वेल शेळ्यांनी ओरबाडला तरी बी मातीत शाबूत.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं याहून मोलाचा गुण त्याच्या दाण्यात आहे. वाटाण्यावरचा एक भुंगेरा हिरव्या शेंगेवर अंडी घालतो. अळी शेंग पोखरून दाण्यात शिरते आणि आतून तो पोकळ करते. फुल्व्हमच्या दाण्यात यातल्या बहुतेक अळ्या लहानपणीच मरतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वाटाणा आणि फुल्व्हम यांचा संकर करून पाहिलं, तेव्हा दाण्याच्या या प्रतिकारामागे तीन जनुकं असल्याचं दिसलं, आणि तिन्ही अप्रभावी. म्हणजे पहिल्या पिढीत हा गुण दिसणारच नाही. दुसऱ्या पिढीत तिन्ही जनुकांची जोडी जमण्याची शक्यता, मेंडेलच्याच हिशेबानं, ६४ मध्ये १. त्यात वांझ पराग. असा गुण शेतातल्या वाणात उतरवायला वर्षानुवर्षं लागतात, आणि तोवर त्या टेकड्यांवरचा फुल्व्हम चराईत आणि बांधकामात टिकायला हवा.

पुढच्या आठवड्यात : इथिओपिया आणि येमेनच्या शेतांतला ॲबिसिनियन वाटाणा.