थरथरणारे हात आणि पेटीचे सूर

“डॉक्टरसाहेब, बाबा दोन घोट घेतल्याबिगर पेटीले हातच लावत नाही जी!” सूनबाईंच्या स्वरात तक्रार कमी आणि कौतुक अधिक होते. दारव्ह्याकडील एका गावच्या भजनी मंडळात त्यांचे सासरे चाळीस वर्षे पेटी वाजवीत आले आहेत. वय बहात्तर. कलावंताचे एवढे चालायचेच, असा साऱ्या घराचा समज होता.

हा समज आपल्याकडचाच आहे असे नव्हे. पाश्चात्त्य रॉक संगीतात त्याची दंतकथाच झाली. जिमी हेंड्रिक्स आणि जॅनिस जॉप्लिन हे दोघेही १९७० साली, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी गेले. एक झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने, दुसरी हेरॉइनने. चाहत्यांनी त्या मृत्यूंना प्रतिभेची किंमत मानले. एरिक क्लॅप्टन यांची कथा मात्र कमी सांगितली जाते. व्यसनमुक्तीचा पहिला उपचार फसल्यावर हा गिटारवादक पुन्हा दाखल झाला आणि १९८७ पासून त्याने दारू सोडली. त्याचा गाजलेला ‘अनप्लग्ड’ हा संग्रह १९९२ चा, म्हणजे त्यानंतरचा. १९९८ मध्ये त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्ती केंद्रही उभारले.

आपल्या पंडित भीमसेन जोशींचे मद्यपान हे काही गुपित नव्हते. त्याचा उपद्रव मैफलींनाही झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते सोडले. पुढेही त्यांचे गाणे अनेक वर्षे गर्जत राहिले, आणि २००८ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले. गळा रियाजाचा होता, बाटलीचा नव्हता.

मग घोट घेतल्यावर पेटीवरचा हात स्थिर कसा होतो? रोज पिणाऱ्याची मज्जासंस्था दारू गृहीत धरून चालते. ती वेळेवर मिळाली नाही की हात कापतो आणि मिळाली की थांबतो. दारूने हिरावलेली स्थिरता दारूच तासाभरासाठी उसनी देते. उतारवयातील काही जणांना मुळातच कंपाचा विकार असतो. तोही दारूने तात्पुरता कमी होतो, आणि माणूस त्याच वाटेने व्यसनात शिरतो. त्या कंपावर गोळ्या आहेत. म्हणून कापणारा हात आधी दाखवावा.

इथे माझी चूक सांगितली पाहिजे. रोज किती घेता, हे नीट न विचारताच मी साऱ्यांदेखत “आजपासून बंद” असे फर्मावले. घरच्यांनी बाटली कुलपात ठेवली. तिसऱ्या रात्री म्हाताऱ्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, अंग घामाने भिजले, सूनबाई ओळखू येईनात. यवतमाळला दाखल करावे लागले, म्हणून निभावले.

बरीच वर्षे रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तर दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य गोळ्या आणि व्हिटॅमिन बी-१ दिले तर हा टप्पा बहुधा सुखरूप पार पडतो. वृद्धाच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असल्याने तेवढीच दारू अधिक चढते. सोबत झोपेची किंवा मधुमेहाची गोळी असेल तर धोका वाढतो. पडून डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसत नसले तरी आत हळूहळू रक्त साचू शकते. दोन-तीन आठवड्यांनी वागण्यात फरक पडला तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. सांभाळणाऱ्यालाही बोलायला कुणी हवे असते. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीही आहे.

गेल्या महिन्यात सासरे-सून दोघेही आले होते. कंप थोडा उरलाच आहे. तपासणीत तो मूळचा निघाला. गोळ्यांची डबी सूनबाईंच्या पिशवीत होती. “द्रुत लयीत बोट चुकते,” म्हातारबा खट्टू होऊन म्हणाले. सूनबाई हसल्या, “आधीबी चुकत होतं जी, तेव्हा तुमाले समजत नव्हतं.”