रकाना भरलेला होता

लाइन क्रमांक १३२, तुकडा १८०. व्यास ३० इंच. जाडी ०.३७५ इंच. पोलादाची प्रत एक्स-४२. प्रकार : बिनजोड नळी.

कॅलिफोर्नियातल्या 'पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक' कंपनीच्या, म्हणजे पीजी अँड ई च्या दफ्तरात ही नोंद वर्षानुवर्षं होती. कुठे खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही, शंकेचं प्रश्नचिन्हही नाही. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी सहानंतर गॅसवाहिनीचा हाच तुकडा सॅन ब्रुनो गावात फुटला. नळीचा सुमारे २८ फुटांचा भाग उडून शंभरेक फूट लांब जाऊन पडला. जमिनीत ७२ फूट लांब आणि २६ फूट रुंद खड्डा झाला. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ शेजारीच असल्यामुळे विमान कोसळलं, असंच अनेकांना आधी वाटलं. कंपनीला गॅस बंद करायला ९५ मिनिटं लागली, कारण माणसांना जागेवर पोचून हातांनी व्हॉल्व्ह फिरवावे लागले. आठ माणसं गेली, ३८ घरं जळून नष्ट झाली.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासनिसांनी तो तुकडा प्रयोगशाळेत नेला तेव्हा बिनजोड म्हणवणाऱ्या नळीवर लांबीच्या दिशेने गेलेला वेल्डिंगचा जोड दिसला. शिवाय त्या जागी सलग नळी नव्हतीच. साधारण चार-चार फुटांचे सहा आखूड तुकडे एकाला एक जोडलेले होते. त्यांतल्या काहींचा लांबीचा जोड फक्त बाहेरून भरलेला होता, आतली बाजू तशीच सोडलेली होती. १९५६ साली कुणी नळीत डोकावून पाहिलं असतं, तर हा दोष नुसत्या डोळ्यांना दिसला असता. हे तुकडे कुणी बनवले, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

१९५६ साल यात येतं ते असं. मूळ वाहिनी १९४८ ची. टेकडीवर नवी वसाहत उभी राहणार म्हणून तिचा सुमारे १८५० फुटांचा भाग हलवून नव्याने टाकला गेला. त्या कामाचं तांत्रिक दफ्तर सापडत नाही. 'बिनजोड' हा शेरा आला हिशेबखात्याच्या एका जर्नल व्हाउचरवरून, म्हणजे माल कुठल्या खात्यावर टाकला हे सांगणाऱ्या कागदावरून. तो आधी सर्व्हेच्या तक्त्यात उतरला आणि संगणकीय नकाशे आल्यावर तिथून त्यांत गेला. प्रत्येक नकलेबरोबर त्याचं वजन वाढत गेलं. सातबाऱ्यावर ज्वारी आणि शेतात ऊस, हे आपल्याला नवं नाही. पण तिथे निदान बांधावर जाऊन पाहता येतं. त्या काळी ३० इंच व्यासाची बिनजोड नळी बनवणारा मान्यताप्राप्त कारखाना अमेरिकेत नव्हता. नळ्यांचा धंदा जाणणाऱ्या कुणालाही ही नोंद खटकायला हवी होती. कुणाला खटकली नाही.

नोंदीतल्या एका शब्दाने एवढं काय बिघडतं? उत्तर तपासणीच्या नियमांत आहे. दाट वस्तीतून जाणाऱ्या वाहिन्यांना कोणकोणते धोके आहेत, हे कंपनीने स्वतःच ठरवायचं आणि त्यानुसार तपासणीची पद्धत निवडायची, असा अमेरिकेचा नियम आहे. नळी बिनजोड असेल तर जोड उकलण्याचा धोका यादीत येतच नाही. मग गंज शोधणारी पद्धत पुरते. पीजी अँड ई ने तीच निवडली. त्या पद्धतीला जोडातला दोष दिसत नाही, तिचं ते कामच नव्हे. एवढा सगळा खटाटोप कागदोपत्री नियमाला धरून झाला आणि खरा धोका तसाच राहिला.

दुसरा कागद दाबाचा. नळी पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाहून कितीतरी जास्त दाब देऊन पाहायची, याला जलदाब चाचणी म्हणतात. कच्चा जोड तिथेच उघडा पडतो आणि फुटलं तरी नुसतं पाणी वाहतं. कॅलिफोर्नियाने नव्या वाहिन्यांना ही चाचणी १९६१ मध्ये सक्तीची केली, केंद्राचे नियम १९७० मध्ये आले. जुन्यांना मात्र सूट मिळाली : १ जुलै १९७० पूर्वीच्या पाच वर्षांत वाहिनीने जो सर्वाधिक दाब सोसल्याची नोंद असेल, तोच तिचा कमाल दाब मानायचा. लाइन १३२ साठी अशी नोंद निघाली १९६८ सालची, दर चौरस इंचाला ४०० पाउंड. झालं, चाचणीची गरज संपली. स्फोटाच्या वेळी कंपनीच्या मिलपिटास केंद्रावर विजेचं काम चालू असताना दाब वाढला होता, तरी फुटलेल्या जागी तो ३८६ च्या आसपासच होता. म्हणजे कागदावरची मर्यादा नळीने ओलांडलेलीही नव्हती.

या सुटीचा आणखी एक विचित्र परिणाम झाला. गेल्या पाच वर्षांतल्या सर्वोच्च दाबाच्या वर दाब गेला तर जुन्या जोडांची खास तपासणी करावी लागे, असा तेव्हा एक नियम होता. त्यामुळे तो आकडा खाली घसरू नये म्हणून कंपनी मुद्दाम अधूनमधून दाब चढवून ठेवत असे. याच वाहिनीवर २००३ मध्ये आणि पुन्हा २००८ मध्ये. नोंद जिवंत ठेवण्यासाठी नळीला ताण द्यायचा, हा उलटा कारभार मला स्फोटाच्या वर्णनाहून जास्त अस्वस्थ करतो.

जानेवारी २०११ मध्ये सुरक्षा मंडळाने कंपनीला तातडीची शिफारस केली : कमाल दाब ज्या कागदांच्या आधारे ठरवला ते शोधा, ते मुळापर्यंत माग काढता येतील असे, पडताळता येतील असे आणि पूर्ण हवेत. यातली 'पूर्ण' ही अट दिसते त्याहून कडक आहे. चाचणीचा दाब लिहिलाय पण तारीख नाही, किंवा शेवटी कुणाची सही नाही, असा कागद चालत नाही. मग डेली सिटीतल्या 'काऊ पॅलेस' या प्रचंड सभागृहात कंपनीच्या कचेऱ्यांतून खोकी येऊन पडली आणि माणसं रात्रंदिवस पाळ्या लावून कागद चाळत बसली.

पुढे राज्याच्या नियामक आयोगाने ज्या तीन चौकश्या चालवल्या त्यांतली एक खास दफ्तराच्या अनास्थेवर होती. एप्रिल २०१५ मध्ये एकूण १.६ अब्ज डॉलरचा दंड झाला. २०१६ मध्ये ज्यूरीने कंपनीला सहा गुन्ह्यांत दोषी धरलं. पाच पाइपलाइन सुरक्षा कायद्याखालचे, सहावा तपासात अडथळा आणल्याचा. फौजदारी दंड मात्र ३० लाख डॉलर. कायद्याची मर्यादाच तेवढी होती.

आज अमेरिकेच्या पाइपलाइन नियमांत कागदाचं आयुष्य कामागणिक वेगळं आहे. गस्त, गळतीची पाहणी, व्हॉल्व्हची तपासणी यांच्या नोंदी साधारण पाच वर्षं ठेवायच्या. नळीच्या दुरुस्तीची नोंद ती नळी वापरात असेपर्यंत. दाबचाचणीची नोंद वाहिनीच्या अखेरपर्यंत. कितीही घाईची दुरुस्ती असली तरी तारीख, जागा आणि काय केलं, हे लिहिल्याशिवाय काम संपलं असं मानत नाहीत. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी जुन्या सुटीलाही हात घातला. नियमाखाली येणाऱ्या ज्या वाहिन्यांच्या दाबाचा कागद नाही, त्यांचा दाब पुन्हा सिद्ध करायचा : चाचणी करा, दाब उतरवा, नळी बदला, किंवा नियमाने मान्य केलेला दुसरा मार्ग धरा. निम्मं काम २०२८ पर्यंत आणि उरलेलं २०३५ पर्यंत पुरं करायचं आहे.

नळीची माहितीच हरवली असेल तर तीही टप्प्याटप्प्याने गोळा करायची सोय त्यात आहे. गंजाची दुरुस्ती असो की वाहिनी हलवणं, वेगळ्या कामासाठी खड्डा खणला आणि नळी उघडी पडली, की खड्डा बुजवण्याआधी तिची जाडी, पोलादाची ताकद आणि जोडाचा प्रकार तपासून लिहून ठेवायचा. तोपर्यंत अंदाज बांधायचा तो सावध बाजूने, आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहून.