चाकांवरचं घर आणि गोठलेला नळ

पुण्याच्या थंडीचं आपल्याला केवढं कौतुक! पारा आठ-नऊवर उतरला की शेकोट्या पेटतात, ठेवणीतले स्वेटर बाहेर येतात आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात झळकतो. पण पुण्यात १७ जानेवारी १९३५ ला नोंदलं गेलेलं नीचांकी तापमानसुद्धा १.७ अंश, म्हणजे शून्याच्या वरच! त्यामुळे नळातलं पाणी गोठतं, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं.

आता मात्र ते ठाऊक हवं. ओटा, बेसिन, संडास-बाथरूम असलेली मोटारहोम घेऊन आपली मंडळी थेट हिमालयात जाऊ लागली आहेत. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगद्याचं उद्घाटन झालं आणि एरवी हिवाळ्यात महिनोन् महिने तुटणारं लाहौल मनालीला जोडलं गेलं. २०२१ मध्ये आपल्या राज्यानंही कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. हौस वाढली, सोय झाली. पण तिकडे जानेवारीच्या रात्री पारा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश सहज जातो, त्याचं काय?

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बोळा तयार झाला की तो आणि बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप किंवा जोड फुटतो. हे तेव्हा कळतही नाही. उन्हं वर आली, बर्फ वितळला की गाद्या-पांघरुणं भिजतात, तेव्हा कळतं.

‘हे ह्यांचं खातं’ म्हणून सोडून देऊ नका, मैत्रिणींनो. गाडीतलं पाणी बंद पडलं की पहिली पंचाईत बाईची होते. शाळेत स्वच्छतागृह धड नसलं की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे वस्त्यांमध्ये काम करताना मी नेहमी बघते. प्रवासात आपणही तेच करतो. उंचावरच्या कोरड्या हवेत तर शरीराला पाणी जास्त लागतं. तिथे तहान मारणं म्हणजे डोकेदुखी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रणच.

एकदाच नाही, रोज

परदेशात बरेच जण हिवाळ्याआधी पाइप रिकामे करून त्यात न गोठणारा गुलाबी द्रव भरतात आणि गाडी वसंतापर्यंत उभी ठेवतात. पण ज्यांना गाडी रोज किंवा दर शनिवार-रविवारी वापरायची आहे, त्यांना हे परवडणारं नाही. त्यांच्यासाठी उपाय एकच, रात्रीची आवराआवर. आपण ओटा आवरतो ना, तशीच.

- झोपण्यापूर्वी पंप बंद करा, टाकी, पाइप आणि गीझरच्या निचऱ्याच्या तोट्या उघडा, सगळे नळ उघडे ठेवा. शॉवरची नळी झटकून घ्या.
- पिण्याचं आणि सकाळपुरतं पाणी कॅनमध्ये भरून गाडीच्या आत, माणसांजवळ ठेवा.
- सांडपाण्याची टाकी रोज योग्य जागी रिकामी करा. मग तिची तोटी उघडी ठेवून खाली बादली ठेवा.
- पाइपांना फोम गुंडाळाच, पण त्यावर विसंबू नका. दुलई ऊब तयार करत नाही, असलेली टिकवते. गाडीत हीटर चालू असेल तर बेसिनखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, म्हणजे ऊब पाइपांपर्यंत पोचेल.
- पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून, नळाच्या बाजूनं सुरुवात करून, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेका. ज्योत दाखवू नका, प्लास्टिक वितळतं.

जिवाशी खेळ नको

दोन गोष्टी मात्र कधीच करायच्या नाहीत. पाइप गोठू नयेत म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. हीटर हवा तर ज्याचा धूर नळीवाटे बाहेर जातो असाच घ्या आणि गाडीत त्या वायूची सूचना देणारा अलार्म लावा. दुसरं, रेडिएटरचं कूलंट पाण्याच्या टाकीत किंवा पाइपात ओतायचं नाही. त्यात बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, पण विषारी. गुलाबी द्रव वेगळा, तो प्रॉपिलीन ग्लायकॉलचा. बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी उरतंच, तिथे तो कपभर ओतला तरी काम होतं.

थंडीच्या मुलखातल्या लोकांचं शहाणपणही बघण्यासारखं आहे. लडाखच्या घरांमध्ये पाण्याशिवाय चालणारे कोरडे संडास पिढ्यान् पिढ्या आहेत. मैल्यावर माती-राख टाकायची, त्याचंच पुढे शेताला खत होतं. पाणीच नाही, तर गोठणार काय? गाडीतही भुश्शाचा कोरडा संडास ठेवता येतो. बाईला तर त्याचा मोठा आधार.

तेव्हा निघण्यापूर्वी पोळ्यांच्या पिठाबरोबर आणखी एक तयारी करा. गाडीखाली वाकून निचऱ्याची तोटी कुठे आहे ते स्वतः बघा आणि इथे पुण्यातच, दिवसाउजेडी, ती एकदा आपल्या हातानं उघडून बंद करा. तिकडे अंधारात, बधिर झालेल्या बोटांनी ती शोधायची वेळ येणार नाही.