पारसिक हिल चढता, पण बैठका मारता का?

बेलापूरकरांनो, पहाटे पारसिक हिलवर चालणारी मंडळी बघून बरं वाटतं. पण तेवढं पुरत नाही. चालण्याने हृदय सुधारतं, दम वाढतो. स्नायू टिकवायचे तर त्यांच्यावर भार द्यावा लागतो. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात, साठीनंतर आणखी वेगाने. जेवणानंतर रक्तात येणारी बरीच साखर स्नायूच खेचून घेतात, त्यामुळे मधुमेहींनी तर हे मनावर घ्याच.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगते. जिम हवीच असं नाही. बैठका, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली पिशवी उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. सोपं वाटू लागलं की वजन किंवा संख्या वाढवायची. खरी मेख हीच, आणि बहुतेक जण इथेच थांबतात!

प्रथिनं रोज किमान दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. चहा-पोह्यांत ती कुठून येणार? उसळ, दही, अंडी, मासे वाढवा. पावडरीचे डबे नंतर बघू. बीपी, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी उद्यापासून टेकडी उतरल्यावर निदान दहा बैठका माराच.