दहा की वीस?

रायपूरनजीकच्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्न व पोलादाचे मोठमोठे व्यवहार नित्य होत असतात. समजा, तेथील एका व्यापाऱ्याने जुने लेथ यंत्र ६० हजारांना घेऊन ७० हजारांना विकले. तेच पुन्हा ८० हजारांना घेतले आणि ९० हजारांना विकले. नफा किती?

चारचौघांत हा प्रश्न टाकून पाहावा. एक म्हणतो वीस हजार, दुसरा दहा. आणि दहावाला सहसा हटत नाही. ‘सत्तरला विकलेले ऐंशीला घेतले, म्हणजे दहा हजार बुडालेच ना?’ वस्तू तीच असल्याने हा तोटा त्याला डोळ्यांपुढे दिसतो. वास्तविक ते वाढीव दहा हजार ऐंशीच्या खरेदीत आधीच धरलेले आहेत; तो ते दुसऱ्यांदा वजा करतो. पासबुकाला मात्र यंत्र ठाऊक नसते: नावे १ लाख ४० हजार, जमा १ लाख ६० हजार, शिल्लक वीस.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मायर व अ‍ॅलन सोलेम यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घोड्याच्या सौद्याचे असेच कोडे गटांपुढे ठेवले होते. चर्चेपूर्वी अचूक उत्तर देणारे निम्म्याहून कमी होते. ज्या गटांत प्रमुखाने अल्पमतालाही बोलू दिले, तेथे चर्चेअंती अचूक उत्तरे अधिक आली.