संगणकाचा कारभारी



इ. स. २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत एका विद्यार्थ्याचे वडील मजकडे आले. त्यांचा संगणक दहा वर्षांचा. यंत्र धडधाकट, तरी तें टाकून नवें घ्यावें असें दुकानदारानें सांगितलें होतें. "मास्तर, जें मोडलें नाहीं तें टाकावें कां?" असें त्यांनीं विचारलें. या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें तर संगणकाचें अंतरंग थोडें पाहिलें पाहिजे.

संगणकाची स्मृति, पडदा, कळफलक हीं सारीं घरांतील नोकरमाणसें होत. कोणीं केव्हां काय करावें हें ठरविणारा जो कारभारी, त्यास ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज आणि लिनक्स हे असे दोन कारभारी. दोहोंचें स्वरूप एकच : मनुष्यानें लिहिलेल्या लक्षावधि आज्ञा. त्या मूळ भाषेंत जाणत्यास वाचतां येतात. परंतु यंत्रासाठीं त्यांचें शून्य व एक यांच्या रांगांत रूपांतर केलें, म्हणजे त्यांवरून मूळ लिखाण पुनः मिळविणें अत्यंत दुष्कर होतें.

येथेंच दोन वाटा फुटतात. मायक्रोसॉफ्ट कंपनी विंडोजचें मूळ लिखाण आपल्यापाशीं राखते. ग्राहकास केवळ वापरण्याचा परवाना मिळतो. एखाद्या वैद्यानें मात्रा द्यावी, पण तिची कृति सांगूं नये, तसें हें आहे. दुसरा वैद्य कृतीही लिहून देतो आणि म्हणतो, "हवी तर सुधारा, शेजाऱ्यासही द्या." या दुसऱ्या प्रकारास मुक्त-स्रोत म्हणतात. लिनक्स त्यांतला.

अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या विद्यापीठांत रिचर्ड स्टॉलमन यांस असा अनुभव आला कीं, नव्या छपाईयंत्राची आज्ञावली सुधारावयाची तर तिचें मूळ लिखाणच मिळेना. पुढें १९८३ सालीं त्यांनीं पूर्णपणें मुक्त अशी प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षीं त्यास स्टॉलमन यांचा परवाना लागू झाला : वाटेल तो फेरफार करा, पण सुधारलेली प्रत वाटाल तर मूळ लिखाणही द्या. आज अँड्रॉइड दूरध्वनींत हाच गाभा आहे.

तथापि जें खुलें तें निर्दोष, असें समजूं नये. ओपन-एस्-एस्-एल् या मुक्त आज्ञावलींतील 'हार्टब्लीड' नामक छिद्र सुमारें दोन वर्षें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. तें २०१४ सालीं उघडकीस आलें. वाचण्याची मुभा सर्वांस होती, वाचलें थोड्यांनीं. उलटपक्षीं, २०१७ च्या मे महिन्यांत 'वॉनाक्राय' नें विंडोजच्या असंख्य यंत्रांस ग्रासलें. तत्पूर्वींच मार्चमध्यें कंपनीनें दुरुस्ती दिली होती, पण पुष्कळांनीं ती बसविलीच नव्हती. बंद प्रकाराचेही गुण आहेत : दुरुस्तीस एक जबाबदार धनी असतो, आणि टॅलीसारखीं नित्याचीं साधनें विंडोजसाठींच बनतात.

आतां त्या पालकांचा प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चें नेहमींचें पाठबळ संपलें. पुढें कांहीं काळ केवळ मर्यादित सवलत. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-चकती व नवा प्रोसेसर जुन्या यंत्रांत बहुधा नसतो. मूळ लिखाण बंद असल्यामुळें दुसऱ्या कोणास त्याची दुरुस्ती पुढें चालवितां येत नाहीं. आम्हीं त्या यंत्रावर लिनक्स बसविला. यंत्र उत्तम चालूं लागलें. मात्र हिशेबाची आज्ञावली चालेना, म्हणून तें काम त्यांस दुकानांतील यंत्रावर करावें लागतें. हाही खर्चच, तो लपवूं नये.

कोणी म्हणेल, विंडोजची चोरटी प्रत घ्यावी, झालें! मुलांनो, परवानगी नसतां घेतलेली प्रत ती चोरीच. जेथें मालक स्वतः होऊन "घ्या, वाटा" म्हणतो, तेथें ती चोरी करण्याचें कारणच उरत नाहीं.

त्या पालकांचा मुलगा आतां रोज संध्याकाळीं एक छोटी मुक्त आज्ञावली उघडून ओळीमागून ओळ वाचतो. अडलें कीं मला विचारतो. पुष्कळदां मलाही उत्तर ठाऊक नसतें, मग आम्ही दोघे मिळून शोधतों. खुल्या वहीचा खरा लाभ हाच. ती कोणीं उघडलीच नाहीं, तर ती खुली असून उपयोग काय?